आईपणाच्या अलीकडे आणि पलीकडे



आरोग्याचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें साथी उभ्या राहतात. प्लेग, देवी, पटकी, हिवताप ह्यांच्याशीं माणसानें दिलेल्या झुंजीची हकीकत पुस्तकांतून नोंदलेली आहे. आज मी ज्या दुखण्यांविषयीं बोलणार आहे त्यांना साथीसारखा आरंभ नाहीं आणि शेवटहि नाहीं. तीं दर महिन्याला घराघरांत येतात, आणि घरांतल्या पुरुषांना बहुधा त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. स्त्रीची मासिक पाळी, तींतल्या वेदना, तींतला अतिस्राव, आणि पन्नाशीच्या सुमारास ती पाळी थांबत असतां शरीराची होणारी उलथापालथ, ह्यांच्यासाठीं वैद्यकानें काय केलें आणि काय करावयाचें राहून गेलें, हा आजचा विषय. तो सबंध देशाच्या पसाऱ्यांत मांडण्याऐवजीं मुंबईच्या उत्तरेकडील एका मुलखाच्या आधारानें मांडावा असें मीं ठरविलें आहे. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, डहाणू ही ती किनारपट्टी, आणि तिच्यामागें जव्हार-मोखाड्यापर्यंत चढत गेलेला डोंगराळ भाग.

आरंभीं एक साधा हिशेब करूं. सुश्रुतसंहितेंत स्त्रीची पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते व पन्नाशीला संपते असें सांगितलें आहे. आजच्या वैद्यकाशीं हें फारसें विसंगत नाहीं. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीनें छेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीं थांबते, एवढाच फरक. म्हणजे तीस-पस्तीस वर्षें, आणि चारशेंच्या आसपास पाळ्या. दोन मुलांच्या आईच्या गरोदरपणाचे महिने सारे मिळून अठरा. त्या अठरा महिन्यांच्या अलीकडे एक कुमारी आहे, पलीकडे एक प्रौढा आहे, आणि पाळी गेल्यानंतर आणखी पंचवीस-तीस वर्षें जगणारी एक वृद्धा आहे. शरीर एकाच स्त्रीचें. परंतु गेल्या दीडशें वर्षांत स्त्रियांसाठीं जें वैद्यक उभें राहिलें त्याचा मुख्य रोख त्या अठरा महिन्यांवर राहिला. आई होणाऱ्या स्त्रीला दार उघडलें. जी अजून आई झाली नाहीं, किंवा जिचें आईपण मागें पडलें, ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हें कसें घडलें तें आतां पाहूं.

जुन्या घरांत पाळीला नांवें पुष्कळ होतीं. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली, असें म्हणत. मुलीला पहिलें न्हाण आलें म्हणजे अनेक ज्ञातींत तिला मखरांत बसवीत, ओटी भरीत, गोडधोड करीत. त्या पहिल्या दिवसाचा गाजावाजा होई. पुढें मात्र तिला शिवावयाचें नाहीं एवढाच नियम उरे. दिवस मोजले जात, भांडीं वेगळीं ठेवलीं जात, चौथ्या दिवसाचें स्नान चुकत नसे. पण दुखतें किती, जातें किती, हें विचारण्याची रीति नव्हती. बाहेर बसण्यामुळें बायकांना विसांवा मिळे, असें समर्थन कोणी कोणी करतात. ज्या घरांत स्वयंपाकाला दुसरी बाई होती तेथें तो मिळतहि असेल. परंतु सावकाराचें गवत कापावयास जाणारी वारली स्त्री, किंवा मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार गांठणारी मांगेली स्त्री, हिला तो विसांवा कोठून मिळणार? तिचें काम पाळीसाठीं थांबत नसे.

गांवोगांवीं सुईण होती. तिच्या हाताशीं पिढ्यांचा अनुभव होता, आणि अडलेल्या बाईला तिचा आधार मोठा वाटे. परंतु तिला बोलावणें जाई तें बाळंतपणासाठीं. अंगावरून फार जातें, ओटीपोटांत कळा येतात, हें सांगावयाचें तर शेजारणीला. आणि शेजारणीचें उत्तर ठरलेलें असे, ‘बाईचा जन्मच असा.’ दुखण्याला एकदां नशिबाचें नांव मिळालें म्हणजे त्यावर औषध शोधण्याचें कारण उरत नाहीं.

ह्या मौनाला पहिला मोठा तडा गेला तो १८८३ सालीं. पालघरचा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्याच्या माहीम तालुक्यांत मोडत असे, आणि हा तडा पाडणारी मुलगी त्याच जिल्ह्यांतील कल्याणांत वाढलेली होती. आनंदीबाई जोशी ह्यांना वयाच्या चौदाव्या वर्षीं मूल झालें आणि तें दहा दिवसांत गेलें. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाकडे प्रवेशासाठीं पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं आपला हेतु स्पष्टपणें मांडला. आपल्या देशभगिनींना खऱ्या वैद्यकीय साहाय्याची अत्यंत गरज आहे, आणि पुरुष डॉक्टराकडून तें घेण्यापेक्षां त्या मरण पत्करतील, असा त्याचा आशय होता. ११ मार्च १८८६ रोजीं त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु काम हातीं घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, क्षयानें त्यांचा पुण्यास अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं.

त्याच सुमारास मुंबईंत दुसरें एक काम आकार घेत होतें. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक ह्या दोघांनीं स्त्री-डॉक्टर आणण्यासाठीं निधि उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनीं रुग्णालयासाठीं देणगी दिली. एडिंबरो विद्यापीठांत स्त्रियांना वैद्यक शिकतां यावें म्हणून झगडलेल्या सात जणींपैकीं एक, डॉ. एडिथ पीची, १८८३ सालीं मुंबईस आल्या. १८८६ सालीं कामा रुग्णालय उघडलें. रोगी स्त्रिया आणि तपासणाऱ्याहि स्त्रिया, हें त्याचें वैशिष्ट्य. पडद्यांतल्या बाईला जें पुरुषापुढें उच्चारतां येत नव्हतें, तें उच्चारण्याची एक जागा प्रथमच निर्माण झाली.

ह्या जागेचा लाभ घेऊन पुढें गेलेली स्त्री म्हणजे रखमाबाई. बालपणीं झालेला विवाह मानण्यास त्यांनीं नकार दिला, आणि १८८४ ते १८८८ पर्यंत चाललेला त्यांचा खटला साऱ्या देशांत गाजला. डॉ. पीची ह्यांच्या साहाय्यानें त्या लंडनला गेल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, कामा रुग्णालयांत कांहीं काळ राहिल्या, आणि मग सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाचा कारभार त्यांनीं पुष्कळ वर्षें वाहिला. त्यानंतर राजकोटलाहि त्यांनीं हेंच काम केलें.

रखमाबाई लंडनला शिकत असतां इकडे हिंदुस्थानांत मुलींच्या पहिल्या पाळीवर उघड वाद पेटला होता. बेहरामजी मलबारी ह्यांच्या चळवळींतून संमतिवयाचें विधेयक पुढें आलें. त्यावरून वर्तमानपत्रांत, सभांतून, शास्त्रार्थांतून रणें माजलीं. ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान व्हावें कीं नाहीं, सरकारला ह्यांत हात घालण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, ह्यावर मोठमोठ्या पुरुषांनीं आपलीं लेखणी झिजविली. हिंदुस्थानांत काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनींहि, आपण पाहिलेल्या कोंवळ्या मुलींच्या जखमांचा दाखला देऊन, व्हाइसरॉयकडे अर्ज केला. १८९१ सालीं कायदा झाला आणि संमतीचें वय दहावरून बारावर गेलें. सुधारणा थोडी असली तरी ती आवश्यकच होती. परंतु ह्या गदारोळाकडे आज पाहिलें म्हणजे एक गोष्ट जाणवते. पाळीचा विचार झाला तो धर्म, विवाह आणि राज्यसत्ता ह्यांच्या संबंधानें. ज्या मुलीला ती येते तिचें आरोग्य हा स्वतंत्र प्रश्न आहे, हें त्या वादांत क्वचितच कोणाला सुचलें.

आतां आपल्या किनारपट्टीकडे वळूं. मुंबईहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग १८६४ सालीं पुरा झाला. पालघर, बोईसर, वाणगांव, डहाणू हीं स्थानकें त्याच मार्गावर आहेत. म्हणजे मार्गाच्या एका टोकाला कामा रुग्णालय आणि दुसऱ्या टोकाला रखमाबाईंचें सुरतेचें रुग्णालय. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल कीं ह्या बायका मोठ्या भाग्याच्या. बोईसरहून मुंबई अवघी शंभर किलोमीटर! पण आजारी बाई नकाशावरून प्रवास करीत नाहीं. तिला भाडें हवें, सोबत हवी, दिवसाची मजुरी बुडविण्याची ऐपत हवी, घरीं मुलांना पाहणारें माणूस हवें. आणि ह्या सर्वांहून अधिक म्हणजे सासूपुढें, नवऱ्यापुढें नांव घेतां येईल असें दुखणें हवें. बाळंतपण अडलें तर बैलगाडी जुंपली जाई, कारण तेथें वंशाचा प्रश्न असे. महिन्याच्या महिन्याला रक्त जाऊन पिवळी पडणारी सून मात्र गाडींत बसत नसे. तिच्यासाठीं ती आगगाडी रोज जात होती आणि रोज न थांबतांच जात होती, असें म्हटलें तरी चालेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्त्रियांचें वैद्यक पसरलें. रमाबाई रानडे ह्यांच्या पुणें सेवासदनानें १९०९ पासून स्त्रियांना शिक्षण देतां देतां परिचारिका व सुइणीहि तयार केल्या. १९२६ सालीं परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघालें. गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळांत भत्ता मिळावा ह्यासाठीं मुंबईच्या विधिमंडळांत विधेयक आलें, त्याला १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ सालीं कायदा झाला. हीं सारीं कामें मोलाचीं; त्यांनीं हजारों जीव वांचविले. परंतु त्यांचीं नांवेंच पाहा. प्रसूतिगृह, प्रसूतिभत्ता, सुईण. स्त्रीचें आरोग्य म्हणजे प्रसूति, हें समीकरण येथें पक्कें झालें. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. बाळंतिणी मरत होत्या, तान्हीं मुलें मरत होतीं; आग लागलेल्या घराकडे आधीं धांवावें हें स्वाभाविक होतें. आग आटोक्यांत येऊं लागल्यावरहि दुसऱ्या घरांकडे लक्ष गेलें नाहीं, ही मात्र तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

एक गृहस्थ ह्याला अपवाद होते. जुलै १९२७ मध्यें मुंबईंत दोन आवाज सुरू झाले. एक नभोवाणी केंद्राचा, आणि दुसरा रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा. कर्व्यांनीं १९२१ पासूनच संततिनियमनाचें केंद्र चालविलें होतें. त्यांच्या मासिकाचा विशेष हा कीं त्यांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें दिलेलीं असत. ज्या शंका घरांत विचारतां येत नव्हत्या, डॉक्टराला विचारण्याची लाज वाटे, त्या लोक पत्रानें कर्व्यांना विचारीत. ह्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं त्यांचें वकीलपत्र आंबेडकरांनीं घेतलें. लैंगिक विषयावर लिहिलें म्हणजे तें अश्लीलच ठरतें असें नाहीं, आणि लोकांचे प्रश्न ज्ञानानें सोडवावयाचे असतात, अशी बचावाची दिशा होती. निकाल विरुद्ध गेला, पण मासिक १९५३ पर्यंत चाललें. शरीराविषयीं प्रश्न विचारणें हा अपराध नव्हे, हें सांगण्यासाठीं महाराष्ट्रांत एका माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागली, हें विसरतां कामा नये.

ह्याच वर्षांत पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून पाळीचें गूढ उकलत होतें. १९२९ सालीं अमेरिकेंत डॉयझी आणि जर्मनींत बुटेनांट ह्यांनीं स्त्रीच्या बीजकोशांतून स्रवणारें संप्रेरक स्वतंत्रपणें शुद्ध रूपांत मिळविलें. पाळी हा विटाळ नसून मेंदूच्या तळाशीं असलेली ग्रंथि, बीजकोश आणि गर्भाशय ह्यांच्यांतला एक नियमित संवाद आहे, आणि रजोनिवृत्ति म्हणजे बीजकोशांनीं हळूहळू त्या संवादांतून निवृत्त होणें, हें कळलें. अंगांतून वाफा निघाल्यासारखें वाटणें, रात्रीं घाम फुटून झोंप मोडणें, मन चिडचिडें होणें, हाडें ठिसूळ होणें ह्यांचीं कारणें सांपडलीं. १९४० नंतर श्रीमंत देशांत संप्रेरकांच्या गोळ्या विकल्या जाऊं लागल्या, आणि पुढें तर रजोनिवृत्ति हा रोगच आहे व प्रत्येक स्त्रीनें गोळी घ्यावी, असा प्रचार झाला. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या चांचणींत धोके दिसून येतांच तो प्रचार एकदम ओसरला, आणि ज्यांना गोळीची खरी गरज होती अशाहि पुष्कळ जणींनीं ती टाकली. आतां वैद्यकानें मधला मार्ग धरला आहे. साठीच्या आंतील, पाळी जाऊन दहा वर्षें न झालेल्या आणि फार त्रास होत असलेल्या स्त्रीला, तिची तपासणी करून, हें औषध बहुधा हितकर ठरतें. तेथें प्रत्येकीला औषध दिलें गेलें, येथें कोणालाच कांहीं विचारलें गेलें नाहीं. दोन्हींकडे त्या एका स्त्रीचें ऐकावयाचें मात्र राहून गेलें.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपला हा मुलूख जागा झाला. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगार झुगारून दिली. त्याच वर्षीं ताराबाई मोडक ह्यांनीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, ह्या विचारांतून अंगणवाडी जन्मली. १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हां अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पालघरच्या मातीनें देशाला दिलेली ही मोठी देणगी. परंतु ह्या योजनेंतहि स्त्री आली ती गरोदर किंवा स्तनदा माता म्हणून.

भोर समितीचा अहवाल १९४६ सालीं आला, १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें उघडूं लागलीं, आणि त्याच वर्षीं सरकारी कुटुंबनियोजनाचा आरंभ झाला. आरोग्यसेविका गांवांत येऊं लागली ही गोष्ट लहान नव्हे. पण तिच्या वहींत रकाने होते ते गरोदर बायकांचे, लसींचे, आणि शस्त्रक्रियेच्या उद्दिष्टांचे. पाळी अनियमित होती काय, स्राव किती होता, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलें काय, ह्यांना रकाना नव्हता. रकाना नाहीं तें विचारलें जात नाहीं, आणि विचारलें जात नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं असें शासनाला वाटतें. १९९२ सालीं जव्हारच्या वावर-वांगणी भागांत बालकें कुपोषणानें दगावलीं तेव्हां साऱ्या राज्याचें लक्ष ह्या डोंगराकडे गेलें. तेंहि माता आणि बालक ह्यांच्यापुरतें.

मधल्या काळांत किनाऱ्याचें रूप पालटलें होतें. १९६९ सालीं तारापूरला देशांतलें पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. रसायनें, कापड, पोलाद, औषधें ह्यांचे कारखाने आले. दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें चाळींतून राहूं लागलीं. कारखान्यांत स्त्रियांसाठीं वेगळीं शौचालयें असावींत असें १९४८ च्या कायद्यानें सांगितलें होतें. परंतु पाळीच्या दिवसांत आठ-दहा तास उभें राहून काम करणाऱ्या स्त्रीला पाणी, आडोसा आणि कापड बदलण्यापुरती फुरसत लागते. ह्या तीन गोष्टी कायद्यानें नव्हे तर मुकादमाच्या समजुतीनें मिळतात किंवा मिळत नाहींत. कंत्राटावरच्या बाईला तर खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच.

ह्या सर्व दुर्लक्षाचें मोजमाप प्रथम झालें तें महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलींत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं वसा आणि अमिर्झा ह्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाले. दर शंभर स्त्रियांत ९२ जणींना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग किंवा जननेंद्रियाचा आजार होता. दर स्त्रीमागें सरासरीनें साडेतीनांहून अधिक आजार होते. आणि ह्यापूर्वीं ज्यांची एकदां तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झाली होती त्या शंभरांत अवघ्या आठ! गरोदर नसलेल्या बाईकडे वैद्यकानें प्रथमच पाहिलें, तेव्हां हें दिसलें. पाळीचे विकार त्यांत होतेच. हा आंकडा केवळ गडचिरोलीची निंदा नव्हे. जेथें जेथें विचारलें गेलें नव्हतें तेथें तेथें असेंच कांहीं झांकलेलें असणार, हा त्याचा अर्थ. १९९४ सालीं कैरो येथील जागतिक परिषदेनें लोकसंख्येच्या आंकड्यांऐवजीं स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याकडे लक्ष वळविलें, आणि भारतांतहि १९९६ सालीं शस्त्रक्रियांचीं उद्दिष्टें रद्द झालीं. ह्या बदलामागें गडचिरोलीसारख्या पाहण्यांचा हात होता.

न विचारण्याची किंमत काय असते, तें आणखी एका जिल्ह्यानें दाखविलें. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ सालीं सरकारनें पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पिशवी काढली, असें त्या सरळ शब्दांत सांगतात. एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. पाळीचें दुखणें म्हणजे खाडा. आणि खाजगी दवाखान्यांत कॅन्सरची भीति घातली गेली कीं पिशवी काढणें हाच त्यांना सुटकेचा मार्ग वाटे. देशभरचें चित्रहि पाहण्यासारखें आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ही शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं कारण सांगितलें तें अतिस्राव किंवा वेदना, आणि सुमारें दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी ठिकाणीं झालेल्या होत्या. अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें राज्यांना दिले. बीजकोश काढले तर रजोनिवृत्ति एका दिवसांत येते. ते ठेवले तरी ती कांहीं वर्षें लौकर येण्याचा संभव असतो. तिशींतल्या बाईचीं हाडें आणि हृदय ह्यांना त्याचा भार पुढें जन्मभर सोसावा लागतो. वीस वर्षें ज्या दुखण्याविषयीं कोणी एक शब्द विचारला नाहीं, त्याचा शेवटीं एका तासांत सुरीनें निकाल लागतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ह्या भागांत सुमारें तीस लाख लोक होते आणि त्यांत दर शंभरांत सदतीस आदिवासी. पूर्वींच्या मानानें आज पुष्कळ सोयी आहेत. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, गांवांत आशाताई आहेत, डहाणूस ग्रामीण आरोग्य-संशोधनाचें केंद्र आहे. २०१८ सालीं राज्य सरकारनें अस्मिता योजना काढून जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना पांच रुपयांत आठ पॅड देण्याचें ठरविलें, आणि त्याच वर्षीं पॅडवरील कर उठला. म्हणजे आईपणाच्या अलीकडची मुलगी कोठें तरी दिसूं लागली आहे. पलीकडची प्रौढा अजून नीट दिसलेली नाहीं. मुलें मोठीं झालीं, शस्त्रक्रिया झाली, कीं आरोग्यसेविकेच्या वहींतून तिचें नांव गळतें, आणि नेमकें त्याच वयांत तिचें शरीर मोठ्या पालटाला सामोरें जात असतें. त्यांतच २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. जेथें अंगांत रक्तच अपुरें, तेथें पाळीचा अतिस्राव ही किरकोळ बाब राहत नाहीं.

म्हणून इतिहास सांगतां सांगतां चार उपयोगाच्या गोष्टीहि सांगतों, त्या घरांत मोठ्यानें बोलल्या जाव्यात. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तासातासाला कापड किंवा पॅड बदलावें लागत असेल, तर तो बाईचा जन्म नव्हे, तो आजार आहे. त्यावर लोहाच्या गोळ्या, स्राव कमी करणारीं औषधें, गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधन असे अनेक उपाय आहेत, आणि पिशवी काढणें हा त्यांतला शेवटचा. सलग बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें समजावें. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी तो परतलेली पाळी म्हणून सोडूं नये. त्याच आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावें, कारण क्वचित् तें कॅन्सरचें पहिलें चिन्ह असतें आणि वेळींच सांपडलें तर बरें होण्यासारखें असतें. आणि पिशवी काढा असें कोणी सांगितलें तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून होकार देऊं नये.

आनंदीबाईंनीं लिहिलें होतें कीं आमच्या बायका पुरुष डॉक्टरापुढें जाण्यापेक्षां मरण पत्करतात. तेव्हां अडचण होती डॉक्टरांची. आज डॉक्टर आहेत, औषधें आहेत, बोईसरला तर तीं तयारहि होतात. अडचण राहिली आहे ती प्रश्नाची. आरोग्य केंद्राच्या वहींत दोन रकाने वाढले, पंचेचाळिशीनंतरच्या प्रत्येक बाईला वर्षांतून एकदां तिची पाळी कशी आहे आणि गेली असल्यास पुढें काय होत आहे एवढें विचारलें गेलें, तर त्याला नवें रुग्णालय लागणार नाहीं. आणि सरकारच्या वहीची वाट न पाहतां हा प्रश्न घरांतहि विचारतां येतो. मुलीनें आईला विचारावा, सुनेनें सासूला विचारावा, आणि ज्या घरांत विचारणारी दुसरी स्त्री नाहीं तेथें नवऱ्यानें व मुलानें विचारावा. उत्तर मिळालें म्हणजे मात्र तिला दवाखान्यापर्यंत सोबत करावी.